किनाऱ्यावरील देशी झाडांच्या पानठिपक्यांची बुरशी कशी ओळखावी

उंडी, करंज, भेंडी (भाजीची नव्हे, तर त्याच नावाचा वृक्ष) यांसारख्या किनाऱ्यावर नैसर्गिकपणे वाढणाऱ्या झाडांच्या पानांवर डाग दिसला, तरी तो बुरशीचाच आहे असे लगेच गृहीत धरू नये. समुद्रकाठी पाने करपण्यामागे पुष्कळदा खारा वारा असतो. मिठाची करपण टोकापासून आणि कडांपासून आत सरकते व झाडाच्या वाऱ्याकडील बाजूस अधिक दिसते. बुरशीचे ठिपके मात्र बहुधा पानभर सुटे विखुरलेले, गडद कडेचे आणि अनेकदा पिवळ्या वलयाचे असतात. नारिंगी, मखमली उंचवटा आढळल्यास सेफॅल्युरोस या शैवालाचा संशय घ्यावा. शिरांमध्ये अडकलेला, कोनदार आणि उजेडासमोर धरल्यावर पाणी मुरल्यासारखा दिसणारा ठिपका जिवाणूंचा असू शकतो. परंतु सर्कोस्पोरा गटातील काही बुरशींचे ठिपकेही कोनदार असल्याने केवळ आकारावर विसंबू नये.

नमुना घेताना ताजे, वाढते ठिपके असलेली पाने निवडावीत आणि ती कागदी पिशवीत ठेवावीत, कारण बंद प्लॅस्टिकमध्ये पाने घामेजून त्यांवर भलत्याच बुरशी माजतात.

त्यानंतर दहापट भिंगातून ठिपक्याच्या दोन्ही बाजू पाहाव्यात. तेथे टाचणीच्या टोकाएवढे काळे बिंदू, म्हणजे बुरशीच्या बीजाणुपुटिका (ज्यांत बीजाणू, म्हणजे बुरशी पसरवणारे सूक्ष्म कण, तयार होतात), दिसतात का, हे शोधणे हाच या कामाचा गाभा आहे. त्या न दिसल्यास पानाचा तुकडा ओलसर टिपकागदावर झाकणाच्या डबीत एक-दोन दिवस ठेवावा. गुलाबी-नारिंगी चिकट पुंजके उमटले, तर कोलेटोट्रायकम या बुरशीची शक्यता मोठी.

खात्री सूक्ष्मदर्शकाखालीच होते. पारदर्शक चिकटपट्टी ठिपक्यावर दाबून काचपट्टीवरील लॅक्टोफेनॉल कॉटन ब्लू या बुरशी रंगवणाऱ्या निळ्या द्रावणाच्या थेंबात बसवावी आणि चारशेपट वर्धनाने पाहावी. पेस्टालोशिऑप्सिस या बुरशीचे बीजाणू पाच पेशींचे असतात. मधल्या तीन पेशी तपकिरी, टोकांच्या दोन रंगहीन आणि एका टोकाला बारीक केसांसारखे तंतू, त्यामुळे ते एकदा पाहिले की पुन्हा सहज ओळखता येतात. कोलेटोट्रायकमचे बीजाणू एकपेशीय व रंगहीन, तर सर्कोस्पोराचे लांब, सुईसारखे आणि अनेक आडव्या पडद्यांचे असतात.

येथे एक सावधगिरी मला फार महत्त्वाची वाटते. पेस्टालोशिऑप्सिस आणि कोलेटोट्रायकम यांच्या अनेक जाती निरोगी पानातही काही लक्षण न दाखवता राहतात आणि मिठाने किंवा उन्हाने मेलेल्या भागावर नंतर वर येतात. म्हणून ठिपक्यावर बुरशी सापडणे म्हणजे तिनेच ठिपका पाडला असे सिद्ध होणे नव्हे. त्यासाठी ती वेगळी वाढवून निरोगी पानावर लावावी, तोच ठिपका उठतो का ते पाहावे आणि त्यातून तीच बुरशी पुन्हा मिळवावी लागते. एवढे शक्य नसेल, तर नोंदीत ‘ठिपक्यावर आढळलेली बुरशी’ असेच लिहावे. जातीपर्यंतची ओळख बहुधा डीएनए तपासणीशिवाय ठरत नाही, म्हणून बीजाणूंची मोजमापे, झाडाचे नाव, ठिकाण व तारीख लिहून उरलेली पाने वर्तमानपत्रात दाबून वाळवून ठेवावीत.