एमबीएची प्रवेश परीक्षा पुन्हा द्यावी का, हे कसे ठरवावे

आयआयएमसारख्या संस्थांतील एमबीए प्रवेशासाठी होणाऱ्या कॅट या परीक्षेचा निकाल डिसेंबरच्या उत्तरार्धात लागतो, आणि तेव्हा सोलापुरात सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेचे वेध लागलेले असतात. घरी येणारा प्रत्येक पाहुणा पर्सेंटाइल (शंभरपैकी किती उमेदवार आपल्या मागे आहेत तो आकडा) विचारतो. त्यामुळे उमेदवाराने शांतपणे विचार करण्याआधीच ‘यंदा ड्रॉप घे’ (म्हणजे वर्षभर थांबून पुन्हा परीक्षा दे) किंवा ‘मिळेल ते कॉलेज घे’ असा निकाल घरात लागून गेलेला असतो. माझी विनंती अशी की संक्रांत होईपर्यंत कोणालाही अंतिम उत्तर देऊ नये. मात्र या काळात राज्याच्या एमबीए सीईटीच्या, म्हणजे राज्यातील महाविद्यालयांसाठीच्या प्रवेश परीक्षेच्या, अर्जाच्या तारखांवर लक्ष ठेवावे, कारण कॅटमध्ये कमी पडलेल्या उमेदवारासाठी वर्ष न घालवता मिळणारी ती दुसरी एक संधी आहे.

कोणती परीक्षा पुन्हा द्यायची आहे, यावर निर्णयाची रीत अवलंबून असते. कॅट वर्षातून एकदाच होते आणि तिचे गुण त्याच प्रवेशवर्षापुरते चालतात, म्हणजे पुन्हा देण्याची किंमत एक पूर्ण वर्ष असते. परदेशी प्रवेशासाठी दिल्या जाणाऱ्या जीमॅट परीक्षेचे तसे नाही: तिचे गुण ५ वर्षे ग्राह्य धरले जातात, १६ दिवसांच्या अंतराने ती पुन्हा देता येते, आणि १२ महिन्यांत ५ वेळा बसता येते. म्हणून परदेशी प्रवेशाचा विचार असलेल्याने जीमॅट पुन्हा देण्याबाबत फार घोळ घालू नये. परीक्षेचे शुल्क परवडत असेल आणि चुका कळल्या असतील तर द्यावी.

यापुढचा प्रश्न असा की तुम्हाला हव्या असलेल्या संस्थेत या गुणांचे वजन किती आहे. सीईटीच्या कॅप, म्हणजे केंद्रीय प्रवेशाच्या, फेऱ्यांत गुणवत्ता यादी मुख्यतः सीईटीच्या गुणांवरच लागते, त्यामुळे तेथे वाढलेला प्रत्येक गुण थेट उपयोगी पडतो. आयआयएममध्ये मात्र अनेक ठिकाणी दहावी, बारावी व पदवीचे गुण, नोकरीचा अनुभव आणि मुलाखत हे सारे मोजले जाते. ज्याचे दहावी-बारावीचे गुण कमी आहेत, त्याने संस्थेचे निवडीचे निकष काढून आपल्याला नेमके किती पर्सेंटाइल लागेल हे आधी पाहावे. कधी कधी ते इतके उंच निघते की दोन वर्षे नोकरी करून अनुभवाची बाजू भक्कम करणे अधिक शहाणपणाचे ठरते.

पर्सेंटाइल वाढवणे सर्वत्र सारखे सोपे नसते, ही गोष्ट घरच्यांना समजावून सांगावी लागते. २०२४ च्या कॅटला सुमारे २ लाख ९३ हजार उमेदवार बसले होते. त्यात ९५ वरून ९८ वर जाणे म्हणजे जवळजवळ ८,८०० जणांना मागे टाकणे. ६० वरून ६३ वर जातानाही तितकेच लोक मागे पडतात, परंतु तेथे गर्दी दाट असल्याने थोडे प्रश्न अधिक बरोबर आले तरी भागते, तर वरच्या टोकाला तेच अंतर कापायला अधिक गुण लागतात.

आता सर्वांत महत्त्वाचे: गुण का गेले? मॉकमध्ये, म्हणजे सराव परीक्षांत, सातत्याने जे पर्सेंटाइल येत होते आणि प्रत्यक्षात जे आले, ते शेजारी लिहावे. मॉकमध्ये ९४-९५ आणि प्रत्यक्षात ८५ असेल, तर बहुधा त्या दिवशीच काही बिनसले, आणि अशा उमेदवाराने पुन्हा परीक्षा देण्यास सबळ कारण आहे. दोन्हीकडे ८५ असेल, तर तेच तुमचे आजचे बळ आहे. मग विभागनिहाय गुण पाहावेत. कॅटच्या तिन्ही विभागांना प्रत्येकी ४० मिनिटे असतात आणि एका विभागात उरलेला वेळ दुसऱ्यात नेता येत नाही. त्यामुळे वाचन कच्चे असेल तर गणिताचा वेग ते झाकू शकत नाही. इंग्रजी वाचनाची सवय लागायला महिने जातात. मराठी माध्यमातून शिकलेल्यांनी हा काळ प्रामाणिकपणे मोजावा. याउलट सीईटीत १५० मिनिटांत २०० प्रश्न असून चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. तेथे प्रश्न कोरे सोडून आला असाल, तर ती चूक एका आठवड्यात सुधारता येते.

मी दुसऱ्यांदा कॅट दिली तेव्हा मॉकची संख्या दुप्पट केली, पण चुकलेले प्रश्न पुन्हा बसून सोडवले नाहीत, आणि पर्सेंटाइल जवळजवळ तेथेच राहिले. म्हणून सांगतो, दर रविवारी हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याच्या क्लासला जाऊन येण्यात जे आठ तास जातात, ते घरी मॉक देऊन तिच्या विश्लेषणात घालवले तर अधिक फळ मिळते. नोकरी सोडून पूर्ण ड्रॉप घेण्याचेही मी सहसा सुचवत नाही. अक्कलकोट रोड किंवा चिंचोळीच्या एमआयडीसीत काम करत रोज अडीच तास अभ्यास झाला, तर अनुभवही जमा होतो आणि घरावर खर्चाचा भार येत नाही.

शेवटी एका कागदावर दोन वाक्ये लिहावीत: ‘या वेळी गुण अमुक कारणाने गेले’ आणि ‘ते बदलण्यासाठी मी दर आठवड्याला अमुक करणार’. दुसरे वाक्य ‘अधिक मेहनत करेन’ असे निघाले, तर निर्णय अजून झालेला नाही असे समजावे. कॅटची नोंदणी सहसा ऑगस्टमध्ये सुरू होते, तोवर सीईटीचा निकालही हाती आलेला असतो.