हॉट रॉड बांधताय? या चुका टाळा, रंगाची घाई सगळ्यात आधी

नाशिकच्या अंबडला माझं छोटं गॅरेज आहे. हॉट रॉड म्हणजे जास्तीचा पत्रा उतरवून, दमदार इंजिन टाकून पळवायला बांधलेली जुनी गाडी. मोबाईलवर तिचे फोटो घेऊन येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला: "कलर कुठला मारायचा?" अहो, कॅलिफोर्नियातल्या पोरांनी १९३२ च्या फोर्डचे मडगार्ड उतरवले ते वजन कमी व्हावं म्हणून. कित्येक गाड्या तर नुसत्या प्रायमरवर, म्हणजे रंगाखालच्या अस्तरावर पळायच्या.

माझी फजिती सांगतो. गंगापूर रोडचे एक साहेब जुनी अ‍ॅम्बेसेडर घेऊन आले. मूळ १४८९ सीसीचं इंजिन काढून इसुझूचं १८०० सीसीचं बसवायचं आणि दसऱ्याला पूजा झालीच पाहिजे. "पाहुणे येणारेत, कलर तरी करून ठेवा." मी नाही म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. भर श्रावणात एनसी पेंट (नायट्रोसेल्युलोजचा, झटपट वाळणारा रंग) मारला. हवेतल्या ओलीनं रंग पांढुरका पडला, घासून पुन्हा मारला. मग इंजिन बसवायला घेतलं. गाडी कॉलम गिअरची, म्हणजे दांडी स्टिअरिंगजवळ; नव्या गिअरची दांडी मात्र खालून वर येणार, म्हणजे टनेल (गाडीच्या तळाचा मधला उंचवटा) कापणं आलं. वेल्डिंगच्या आचेनं रंगाला फोड आले. ग्राइंडरच्या ठिणग्यांनी पुढच्या काचेवर बारीक काळे ठिपके पडले, ते आजही आहेत.

दसऱ्याच्या सकाळी झेंडूचा हार, नारळ, पेढे, सगळं तयार. स्टार्टर नुसता कण्हतोय. बॅटरी बदलली, तेच. चोक ओढायला गेलो तर वायरीचा चटका बसला! तेव्हा ट्यूब पेटली. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसतं, म्हणून त्याची अर्थिंगची पट्टी बॉडीला जोडावी लागते. जोडली होती की, पण चकचकीत रंगावर. करंट बिचारा चोकच्या वायरीतून वाट काढत होता. पट्टीखालचा रंग घासून पत्रा उघडा केला, बोल्ट आवळला, वर ग्रीस लावलं. दहा मिनिटांचं काम. पण तोवर मुहूर्त टळू नये म्हणून चार पोरांनी हार घातलेली गाडी ढकलतच लिंबांवरून नेली होती.

तेव्हापासून माझ्याकडे गाडी आधी बिनरंगाची जुळते, त्र्यंबकपर्यंत जाऊन येते, पुन्हा सुटी होते आणि मग रंग. दुप्पट काम आहे, हो. घाई असेल त्यानं स्टिकर लावावेत.

छप्पर कापून गाडी बुटकी करायचा हट्ट धरू नका. जुन्या फोर्डला खाली वेगळी चासी, म्हणजे भार पेलणारा सांगाडा होता. अ‍ॅम्बेसेडरची बॉडी हीच चासी, छप्पर गेलं की ताकद गेली.

इंजिन वाढवून चारी चाकांना जुने ड्रम ब्रेकच ठेवणाऱ्यांनी कसारा घाट उतरून बघावा. नको, नकाच बघू. आधी पुढे डिस्क बसवा.

कागदांचं काय? इंजिन बदलायला आरटीओची परवानगी आधी लागते. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही कंपनीच्या मूळ रचनेत परस्पर फेरफार चालणार नाहीत असं सांगितलंय. बॉनेट काढून कॉलेज रोडला मिरवायचंय म्हणणाऱ्याला मी चहा पाजून परत पाठवतो.

फोनवर सांगितलेले बदल मी ऐकत नाही. वहीत लिहा, खाली सही करा.

सध्या दारात एक फिएट उभी आहे, रेड ऑक्साइडच्या तांबड्या प्रायमरमध्ये. मालक दर रविवारी येतात, पत्र्यावरून बोट फिरवतात आणि विचारतात, "काका, मरून की काळा?" मी त्यांना ब्रेकचे पाइप दाखवतो.