उपग्रहाचा नकाशा आणि बॅगेतलं खुरपं

रिमोट सेन्सिंग, म्हणजे उपग्रहाच्या चित्रांवरून जमिनीचा अभ्यास, शिकायला लागले तेव्हा सुरुवातीचे काही महिने मी स्क्रीनसमोरून उठलेच नाही. सेंटिनेल-२ या उपग्रहांची चित्रं फुकट, नकाशे बनवायचं क्यूजीआयएस सॉफ्टवेअर फुकट, आणि पिकाचा जोम दाखवणाऱ्या एनडीव्हीआय या आकड्याचं सूत्र तर एका ओळीचं: निकट-अवरक्तातून (लालच्या पलीकडच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशातून) लाल वजा करायचा आणि दोघांच्या बेरजेने भागायचं. निरोगी पान लाल प्रकाश शोषतं आणि निकट-अवरक्त परतवतं, म्हणून पीक जोमदार असेल तिथे आकडा चढतो. एवढ्यावर सगळं कळल्यासारखं वाटतं.

पहिल्याच कामात एनडीव्हीआयच्या नकाशावर मक्याच्या शेतात मधोमध लाल, म्हणजे कमी आकड्याचा, डाग दिसला. नत्र कमी पडलंय, युरिया द्या, असं मी कळवून मोकळी झाले. शेतमालक म्हणाले, "आधी येऊन बघा." जीपीएस लावून डागाचा मध्य गाठला आणि एक रोप उपटलं. पानं पिवळीच होती, माझ्या अंदाजाप्रमाणे. पण मुळं तपकिरी, लिबलिबीत, कुजका वास येणारी. जागा खोलगट होती, पाणी तुंबलं होतं. युरिया बराचसा वाया गेला असता. गरज होती चर काढायची. पीक कुठे मागे पडलंय ते एनडीव्हीआय सांगतो, का पडलंय ते सांगत नाही. तेव्हापासून माझ्या बॅगेत खुरपं असतं.

ढगांपेक्षा ढगांच्या सावल्या जास्त फसवतात. ढग पांढरा, लगेच ओळखू येतो. सावलीतलं पीक मात्र नकाशावर आजारी दिसू शकतं. म्हणून नैसर्गिक रंगातलं चित्र शेजारी उघडं ठेवा. आठवडेच्या आठवडे आभाळ भरलेलं असेल तर सेंटिनेल-१ या उपग्रहांचं रडार ढगांपलीकडचं पाहतं, पण ते वाचायला वेगळा अभ्यास लागतो.

पिक्सेलचा हिशेब आधीच करा. सेंटिनेल-२ च्या चित्रातले १० मीटरचे पिक्सेल, म्हणजे चौकोनी ठिपके, एकरात जेमतेम ४० बसतात, आणि कडेच्या पिक्सेलमध्ये बांधावरचं गवत मिसळलेलं असतं. ते मी सरळ वगळते. पीक दाट झालं की एनडीव्हीआय फारसा हलत नाही. तिथे रेड-एज, म्हणजे लाल आणि निकट-अवरक्त यांच्या मधला पट्टा, कामाला येतो, मात्र त्याचा पिक्सेल २० मीटरचा.

एका दिवसाच्या चित्रावर मी आता काहीच सांगत नाही. लागवडीपासूनचा एनडीव्हीआयचा आलेख काढते. मागच्या हंगामातही डाग तिथेच असेल तर आधी जमिनीवर संशय घेते. नवा असून पसरत असेल तर त्याच आठवड्यात शेतात जाते. तिथे चांगल्या भागातलंही एक रोप उपटते, दोन्ही मुळं शेजारी ठेवून फोटो काढते आणि वहीत तारीख, जागा लिहून ठेवते.