फायबर घरात येतं कसं, आणि पैसे देऊन घेतलेला स्पीड पूर्ण मिळवायचा कसा

आमच्या मावशीनं सोलापूरच्या पूर्व भागात नवीन फायबर घेतलं, प्लॅन २०० एमबीपीएसचा, आणि दुसऱ्याच दिवशी तिचा फोन, अरे मोबाईलवर तीसच दाखवतंय, फसवलं का मला. फसवलं नव्हतं. बॉक्सपर्यंत २०० व्यवस्थित येत होते, पुढं वाट लागत होती. पण दोन वर्षांपूर्वी जुळे सोलापुरात आमच्या स्वतःच्या घरी नेमकं उलटं झालेलं, वायफाय चांगलं आणि फायबरच आजारी. दोन्ही वेळेला एकच गोष्ट कामाला आली, ती म्हणजे फायबरमधून नेट आणणारा प्रकाश कुठून निघतो आणि कुठं कुठं सांडतो हे माहिती असणं. म्हणून सगळं सविस्तर लिहितोय, कनेक्शन घेणार असाल तर आधी वाचा.

पूर्वी टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून नेट यायचं. त्यात सिग्नल विजेचा असतो आणि तार जेवढी लांब तेवढा तो मरतो, एक्स्चेंजच्या शेजारी राहणाऱ्याला एडीएसएल टू प्लसवर (त्या तारेवरच्या ब्रॉडबँडची पद्धत) २४ एमबीपीएसच्या जवळपास मिळायचे आणि चार-पाच किलोमीटरवरच्याला दोन-तीन मिळाले तरी नशीब. फायबरमध्ये वीज नाही, काच आहे, मधली काच जेमतेम ९ मायक्रॉनची, म्हणजे केसापेक्षा कितीतरी बारीक, आणि तिच्यातून लेझरचा प्रकाश जातो. किलोमीटरला पाव ते एक तृतीयांश डीबी (प्रकाश किती घटला ते मोजायचं माप) एवढाच तो कमी होतो, त्यामुळं सात रस्त्याला राहा नाहीतर होटगी रोडला, अंतरानं फार फरक पडत नाही.

आता रस्ता बघा. कंपनीच्या किंवा केबलवाल्याच्या ऑफिसात एक मशीन असतं, त्याला ओएलटी म्हणतात. त्याच्या एका पोर्टमधून एकच फायबर निघते, ती खांबावरच्या नाहीतर भिंतीवरच्या छोट्या डब्यात येते आणि तिथं स्प्लिटर असतो. स्प्लिटर म्हणजे काचेचाच तुकडा, एका प्रकाशाचे ८, १६, ३२ भाग करणारा, आणि त्याला वीज लागत नाही (हे लक्षात ठेवा, शेवटी उपयोगी पडणारे). तिथून तुमच्या घरात जी बारीक काळी किंवा पांढरी वायर ओढतात ती ड्रॉप केबल, आणि घरात जो बॉक्स बसतो तो ओएनटी, ज्याला आपण सगळे मोडेम किंवा राउटर म्हणतो.

बऱ्याच ठिकाणी जीपॉन नावाची पद्धत असते, त्यात एका पोर्टवर खाली यायला साधारण २.५ जीबीपीएस (म्हणजे २५०० एमबीपीएस) आणि वर जायला १.२५. ते ३२ घरांत वाटायचे. भागाकार केला तर प्रत्येकाला ७८ च्या आसपासच येतात, मग २०० चा प्लॅन विकतात कसा? तर सगळे एकाच सेकंदाला फुल स्पीड ओढत नाहीत, कोणी जेवतंय, कोणी व्हॉट्सॲपवर, कोणी झोपलंय. येणारा डेटा सगळ्या ३२ घरांच्या काचेतून जातो, पण कुलूपबंद असतो आणि तुमचा बॉक्स फक्त तुमचाच उघडतो. जाताना मात्र ओएलटी प्रत्येकाला मायक्रोसेकंदात नंबर लावून देतं, आधी तू, मग तू, म्हणजे प्रकाश एकमेकावर आदळत नाही. येणारा प्रकाश १४९० नॅनोमीटरचा आणि जाणारा १३१० चा, रंगच वेगळे, म्हणून एकाच काचेतून दोन्ही चालतं. नवीन एक्सजीएस-पॉन पद्धतीत दोन्हीकडं १० जीबीपीएस मिळतात. रोज रात्री नऊ ते अकराच नेट रडत असेल आणि सकाळी झकास असेल, तर गर्दीचं कारण असू शकतं, ते तुमच्या घरात दुरुस्त होणार नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, तो एक आकडा. बॉक्सपर्यंत प्रकाश किती पोचला ते डीबीएममध्ये मोजतात आणि तो मायनसमध्ये असतो. दर ३ डीबीला प्रकाश निम्मा होतो, १० डीबीला दहावा हिस्सा उरतो. समजा ओएलटीनं प्लस ३ नं सोडला, ३२ च्या स्प्लिटरनं साधारण १७ खाल्ले, चार किलोमीटर काचेनं सव्वा, जॉइंट आणि कनेक्टरनं दीड, म्हणजे तुमच्याकडं मायनस १७ च्या आसपास यायला पाहिजे. मायनस १५ ते मायनस २४ असेल तर निवांत राहा. मायनस २७ च्या खाली गेला की बॉक्सला नीट दिसतच नाही, मग लाल लाईट, मधेच नेट जाणं, परत येणं, असा खेळ सुरू.

आमच्याकडं हेच होत होतं. पोरीचा ऑनलाईन क्लास रोज तुटायचा, तक्रार केली की कॉल सेंटरवाले बॉक्स बंद करून चालू करा म्हणायचे, तीन आठवडे असेच गेले आणि तिचं नुकसान बघून मला खरंच वाईट वाटायचं. शेवटी मी बॉक्सखालच्या स्टिकरवरचा पत्ता (बहुतेक १९२.१६८.१.१ असतो) मोबाईलच्या ब्राउझरमध्ये टाकला, तिथंच छापलेला पासवर्ड टाकला, ऑप्टिकल इन्फोमध्ये आरएक्स पॉवर, म्हणजे बॉक्सपर्यंत पोचलेला प्रकाश, मायनस २८. तक्रारीत फक्त हा आकडा लिहिला आणि दुसऱ्या दिवशी कंपनीचा दुरुस्तीवाला दादा पॉवर मीटर (प्रकाश मोजायचं यंत्र) घेऊन दारात. त्यानं वायरमध्ये लाल लेझरची पेन लावली, तर खिडकीच्या ग्रिलपाशी केबल टायनं करकचून वाकवून बांधलेली, तिथंच लाल उजेड बाहेर सांडताना दिसला. टाय कापला, गोल सैल वेटोळं केलं, आकडा मायनस १९. पाच मिनिटांचं काम होतं बघा.

तर वायर ओढायला येतील तेव्हा शेजारी उभं राहा. वायर कोपऱ्यात काटकोनात दाबू देऊ नका, वेटोळं निदान चहाच्या बशीएवढं ठेवायला सांगा. गच्चीवरून येत असेल तर पत्र्याच्या कडेवर घासू देऊ नका, वाऱ्यानं सोलून निघते. कनेक्टर हिरवा असेल तर हिरव्यातच जातो, त्याचं टोक तिरकं घासलेलं असतं, निळा त्यात घुसवला की प्रकाश वाया. टोकाला बोट लावायचं नाही, आपल्याकडची धूळ आणि बोटाचा तेलकटपणा एवढ्यानंही आकडा पडतो. आणि टोकात डोळा घालून कधीच बघू नका, तो प्रकाश दिसत नाही पण लेझर आहे, पोरांना तर नक्की सांगा. जाण्याआधी दादाकडून मीटरवरचा आकडा बघून फोटो काढून ठेवा, पुढं भांडायला तोच पुरावा.

आता मावशीचा घोळ. बॉक्स पुढच्या खोलीत टीव्हीमागं, मधे जुनी दगडी दीड फुटाची भिंत आणि मागं यंत्रमागाचं पत्र्याचं शेड. पत्र्यातून वायफाय जवळजवळ जात नाही आणि दगडातून फार थोडं. वर मोबाईल वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर होता, जो लांब जातो पण गर्दीत हळू चालतो. बॉक्स मधल्या खोलीत उंचावर हलवून घेतला, ५ गिगाहर्ट्झ चालू केलं, त्याच खोलीत १८० च्या वर आले. शेडसाठी कॅट सिक्सची लॅन वायर टाकून तिथं दुसरा साधा राउटर लावला. रिपीटरपेक्षा (वायफाय पकडून पुढं फेकणारा डबा) वायर कधीही बरी.

खरा स्पीड बघायचा तर लॅपटॉपला लॅन वायर लावूनच बघा. कितीही केलं तरी ९४-९५ वर अडकत असेल तर बॉक्सचा पोर्ट १०० चाच आहे किंवा वायरीतली एखादी जोडी तुटलीय, कंपनीला बोल लावू नका. आणि डाउनलोड करताना २५ दिसले म्हणून घाबरू नका, तिथं मेगाबाइट असतात आणि प्लॅन मेगाबिटमध्ये, आठ बिटचा एक बाइट, म्हणून २०० एमबीपीएस भागिले ८ म्हणजे २५ च.

राहिला लाईटचा विषय. स्प्लिटरला वीज लागत नाही म्हटलं ना, म्हणून आपल्या गल्लीत लाईट गेली तरी काचेतून प्रकाश येतच असतो, फक्त घरातला बॉक्स बंद पडतो. अडॅप्टरवर १२ व्होल्ट आणि १ की दीड की २ अँपिअर लिहिलंय ते बघायचं आणि तेवढाच किंवा जास्त अँपिअर देणारा छोटा राउटर यूपीएस आणायचा. उन्हाळ्यात दुपारी लाईट जाते तेव्हा पंखा बंद असतो पण पोरीचा क्लास चालू राहतो.