जुनी बारा बोअर दुनळी: या चुका टाळा

कोकणात काय किंवा देशावर काय, जुन्या घरांतून अजूनही एखादी बारा बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या रुंदीचं माप) दुनळी, म्हणजे दोन नळ्यांची छर्ऱ्यांची बंदूक, शॉटगन, जपलेली सापडते. या बंदुकीवर माझा लहानपणापासून जीव आहे. अक्रोडाचा दस्ता, खांद्याला लावताच आपसूक वर येणारी नळी, आणि भुर्रकन उडालेल्या पाखरामागे हात फिरवण्याची ती विद्या! तित्तर-लाव्यांमागे रान तुडवण्याचे दिवस मात्र संपले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ साली दुरुस्ती झाली आणि शिकारीचे परवानेच बंद झाले. ते योग्यच झालं. बंदूक शेतसंरक्षणाच्या परवान्यावर असली, म्हणून तित्तर मारता येत नाही. सगळं कसब आता रेंजवर, उडत्या क्ले तबकडीवर दाखवायचं.

सगळ्यात महागात पडणारी चूक कागदाची. परवानाधारक वारला की बंदूक ‘आठवण’ म्हणून कपाटात राहते. परवाना नसलेल्या वारसाने ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी, मग स्वतःच्या परवान्यासाठी अर्ज करावा.

दुसरी चूक काडतुसाची, आणि ही फसवी आहे. पुष्कळ जुन्या इंग्रजी दुनळ्यांचं चेंबर, म्हणजे नळीतली काडतूस बसायची जागा, ६५ मिलिमीटरचं असतं, तर आजची बरीच काडतुसं ७० मिलिमीटरची. तरीही ती सहज आत बसतात, कारण खोक्यावरची लांबी बार झाल्यावर तोंड उलगडलेल्या काडतुसाची असते. आखूड चेंबरमध्ये ते तोंड नळीच्या अरुंद भागात उलगडतं आणि दाब वाढतो. ‘बसलं म्हणजे चालतं’ हा हिशेब इथे लावू नका. नळ्यांखालचे चाचणीचे शिक्के जाणकार कारागिराकडून वाचून घ्या. नळीवर वेलबुट्टीसारखी नागमोडी नक्षी, म्हणजे दमास्कस (लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून घडवलेली जुनी नळी), असेल तर तपासणीशिवाय आजचं काडतूस घालूच नका.

आता नेम. शॉटगनने चुकणारे बहुतेक जण तिला रायफलीसारखं वापरतात: एक डोळा मिटायचा, माशी (नळीच्या टोकावरचा नेमाचा मणी) तबकडीवर टेकवायची, थांबायचं, चाप ओढायचा. तबकडी ताशी ६० किलोमीटरने आडवी जात असेल, तर सेकंदाच्या दहाव्या भागात ती दीड मीटरहून पुढे सरकते. तीस मीटरवर छर्रे पोचायला साधारण तेवढाच वेळ लागतो. म्हणून नजर तबकडीच्या पुढच्या कडेवर हवी, माशीवर नव्हे. नळी मागून आणून पुढे काढायची आणि बार झाल्यावरही फिरवत राहायची. हात थांबला की छर्रे मागेच पडतात.

एवढं करूनही बार सारखे एकाच बाजूला जात असतील तर डोळा तपासा. दोन्ही डोळे उघडे ठेवून दूरच्या खांबावर बोट धरा आणि डावा डोळा मिटा. बोट जागचं हललं, तर तुमचा डावा डोळा प्रबळ आहे. उजव्या खांद्यावरून मारणाऱ्याने चष्म्याच्या डाव्या काचेवर चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावून पाहावा. गाल दस्त्यावरून उचलला जात असेल तर बार वर जातो. तो दोष दस्त्याच्या मापाचाही असू शकतो.

पावसाळ्यात बंदूक चामड्याच्या म्यानात ठेवू नका. चामडं ओल धरतं आणि नळीला गंज चढतो. तेल बेताचंच लावा, शक्य असेल तर नळी खाली करून ठेवा, नाहीतर ते दस्त्यात मुरून लाकूड मऊ पडतं.

चाप ओढूनही बार झाला नाही, तर नळी सुरक्षित दिशेला रोखून निदान तीस सेकंद थांबा, मगच बंदूक उघडा. बार फुसका वाटला, तर काडतुसं काढून नळीतून आरपार उजेड दिसतो का पाहा. आत डट्टा (काडतुसातलं दारू आणि छर्ऱ्यांमधलं बूच) अडकला असेल आणि वर दुसरा बार काढला, तर नळी फुटते.