दोन नळ्यांच्या जुन्या रेग्युलेटरने डायव्हिंग कसे शिकावे

मी स्कूबा डायव्हिंग शिकलो ते १९७० च्या दशकात, नोकरीनिमित्त फ्रान्सच्या दक्षिणेस राहत असताना. फ्रेंच नौदल अधिकारी जाक-ईव्ह कुस्तो यांनी एमिल गान्यां या अभियंत्याच्या साहाय्याने घडवलेल्या अक्वालंगची, म्हणजे पाण्याखाली श्वास घेण्याच्या यंत्राची, समुद्रातील पहिली चाचणी १९४३ मध्ये याच भूमध्य किनाऱ्यावर झाली होती, आणि माझ्या पाठीवर जे यंत्र बांधले गेले ते तिचेच थेट वंशज होते. पट्ट्यांनी आवळलेली एक पोलादी टाकी, दोन नळ्यांचा रेग्युलेटर (टाकीतील हवा श्वासाला योग्य दाबाने देणारे यंत्र), शिशाच्या वजनांचा पट्टा, मास्क, फिन्स, घड्याळ आणि खोलीमापक एवढाच सरंजाम होता. हवा भरून तरंगता येईल असे जाकीट नव्हते आणि टाकीत किती हवा उरली आहे हे सांगणारा काटाही नव्हता. अलीकडे अशी उपकरणे दुरुस्त करून पुन्हा वापरणारे अनेक जण भेटतात. त्यांच्यासाठी ही पद्धत लिहीत आहे. मात्र आजच्या साधनांवरील रीतसर प्रशिक्षण आधी पूर्ण केलेले असावे, आणि जुन्या साधनांचा पहिला सराव ती जाणणाऱ्या प्रशिक्षकाबरोबर तलावातच करावा.

प्रथम यंत्र समजून घ्यावे. रेग्युलेटरची पेटी मानेच्या मागे, टाकीच्या तोंडावर बसते. उजव्या खांद्यावरून येणारी नळी हवा आणते आणि डाव्या खांद्यावरून जाणारी नळी उच्छ्वास मागे नेते. उच्छ्वासाची झडप मुद्दाम पडद्याच्या (पाण्याच्या दाबानुसार हवा सोडणाऱ्या पेटीतील लवचीक चकतीच्या) अगदी जवळ ठेवलेली असते, कारण दोन्ही ठिकाणी पाण्याचा दाब सारखा असेल तरच हवा आपोआप वाहून जात नाही. बुडबुडे डोक्यामागून निघत असल्यामुळे दृष्टीसमोर काहीही येत नाही, आणि ज्याने हा अनुभव घेतला आहे त्याला त्याचे मोल सांगावे लागत नाही. पण पडदा पाठीवर असल्याचा एक परिणाम मनावर ठसवून घ्यावा लागतो. पालथे पोहताना तो फुप्फुसांपेक्षा उथळ पाण्यात असतो, म्हणून श्वास थोडा ओढून घ्यावा लागतो. उताणे झालो की तोच अधिक खोल जातो आणि हवा तोंडात ढकलली जाते. नवशिक्याला श्वास जड वाटतो तेव्हा तो घाबरून भराभर श्वास घेऊ लागतो. त्याऐवजी सावकाश, दीर्घ आणि अखंड श्वास घ्यावा, कारण घाईने हवाही वाया जाते आणि धापही लागते.

सर्वांत जास्त सराव नळीतील पाणी काढण्याचा करावा. आजच्या रेग्युलेटरवर बटण दाबले की काम होते. येथे शरीर वळवावे लागते. तोंडातून माउथपीस सुटला तर उताणे व्हावे, म्हणजे हवेने हलक्या झालेल्या नळ्या चेहऱ्यासमोर वर तरंगतात. माउथपीस पेटीपेक्षा वर गेला की त्यातून हवा जोरात वाहू लागते. त्याचे तोंड खाली वळवून तो तसाच वाहता ओठांत घ्यावा, मग डाव्या कुशीवर वळावे, म्हणजे उरलेले पाणी डाव्या नळीत उतरते, आणि एक जोरदार उच्छ्वास सोडून ते बाहेर घालवावे. त्यानंतरचा पहिला श्वास हळूच, चाचपत घ्यावा. आम्हाला हे तीन मीटर पाण्यात इतक्या वेळा करायला लावले, की पुढे डोळे मिटूनही हात बरोबर जागी जात असे.

जाकीट नसल्यामुळे वजनांचा हिशेब काटेकोर असावा लागतो. भरलेल्या टाकीतील हवेचेच वजन दोन ते अडीच किलो असते, म्हणून टाकी जवळजवळ रिकामी असताना तीन मीटरवर स्थिर राहता येईल इतकेच शिसे कमरेला बांधावे. सुरुवातीला आपण किंचित जड असू आणि खोलवर वेटसूट दबल्यामुळे आणखी जड होऊ. हा फरक फुप्फुसांनी सांभाळायचा असतो, कारण एक लिटर जास्त हवा छातीत राहिली की सुमारे एक किलोची उचल मिळते. मात्र श्वास कधीही रोखू नये. छाती थोडी भरलेली किंवा थोडी रिती ठेवून श्वासोच्छ्वास चालूच ठेवावा. पट्ट्याचे बक्कल एका हाताने झटक्यात सुटते ना, हे प्रत्येक वेळी पाहावे, आणि पट्टा टाकीच्या पट्ट्यांखाली अडकू देऊ नये.

हवा संपत आल्याची सूचना राखीव झडप देते. टाकीतील दाब सुमारे २० बारपर्यंत उतरला की स्प्रिंग हवा अडवू लागते आणि श्वास जड होतो. मग बाजूची सळई खाली ओढली की झडपेची तरफ खाली येते आणि उरलेली हवा मोकळी होते. टाकी भरताना ही तरफ खाली, आणि पाण्यात उतरताना वर असली पाहिजे. एकदा बोटीच्या काठाला सळई घासून माझी तरफ नकळत खाली आली, आणि सूचना न मिळताच हवा संपली. सोबत्याच्या माउथपीसवर आळीपाळीने श्वास घेत मी वर आलो. म्हणून डायव्हमध्ये दर काही मिनिटांनी हात मागे नेऊन सळई चाचपावी. आज मात्र केवळ तिच्यावर विसंबू नये. जोडणी करून दाबमापक अवश्य बसवून घ्यावा.

वर येण्याचा वेगही जुना ठेवू नये. तेव्हाच्या अमेरिकी नौदलाच्या डायव्हिंगच्या तक्त्यांत मिनिटाला ६० फूट, म्हणजे सुमारे १८ मीटर, हा वेग होता. आता त्याच्या निम्म्या, नऊ मीटरच्या, वेगाने यावे आणि पाच मीटरवर तीन मिनिटे थांबावे.

बाहेर आल्यावर नळ्या गोड्या पाण्याने धुवाव्यात, पण रेग्युलेटरच्या हवा आत येणाऱ्या तोंडात पाणी जाऊ देऊ नये. रबर उन्हात चिरते, म्हणून नळ्या सावलीत टांगून वाळवाव्यात, आणि पुढच्या वेळी त्या ताणून प्रत्येक घडीमध्ये भेग शोधावी.