उशिरा आलेल्या रुकीचं पदार्पण: एएफएल फँटसीत या चुका टाळा

मार्चमध्ये ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की मेलबर्नमधल्या आमच्या फँटसी लीगच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो: "अरे, हा कोण? याचं तर नावही ऐकलं नव्हतं!" बावीस-चोवीस वर्षांचा एखादा नवखा पहिल्याच सामन्यात सगळीकडे दिसतो, तिशीच्या घरात डिस्पोजल घेतो, म्हणजे किक आणि हँडबॉल मिळून, आणि ग्रुपमध्ये लगेच दोन तट पडतात. काही जण त्याच रात्री डोळे झाकून त्याला संघात घेतात. बाकीचे म्हणतात, "एका मॅचवरून काय कळतं, थांबू." दर वर्षी त्याच चुका होतात, आणि दर वर्षी तेच समजावून सांगावं लागतं. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय.

ज्यांना हा खेळ नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. फँटसीत आपण ठरलेल्या रकमेत खऱ्या खेळाडूंचा संघ बांधतो आणि ते मैदानात जे करतात त्याचे गुण आपल्याला मिळतात. खेळाडूचा भाव त्याच्या खेळाप्रमाणे हलतो, आणि एक विकून दुसरा आणणं म्हणजे ट्रेड, तेही मोजकेच. एएफएल ही ऑस्ट्रेलियन फुटबॉलची मुख्य लीग. तिचे बहुतेक खेळाडू अठराव्या वर्षी राष्ट्रीय ड्राफ्टमधून, म्हणजे क्लब पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यातून, क्लबमध्ये येतात. त्या वयात ज्यांना कुणी घेत नाही ते व्हिक्टोरियाच्या व्हीएफएलमध्ये, साउथ ऑस्ट्रेलियाच्या एसएएनएफएलमध्ये किंवा पश्चिमेकडच्या डब्ल्यूएएफएलमध्ये, म्हणजे राज्यांच्या खालच्या लीगमध्ये, खेळत राहतात. त्यातल्या एखाद्याला तीन-चार वर्षांनी क्लब उचलतो. तोच हा 'मॅच्युअर एज' रुकी, म्हणजे वयाने मोठा नवखा. एएफएल फँटसी असो की सुपरकोच हा तसाच दुसरा गेम, असे खेळाडू बहुधा अगदी तळाच्या भावात मिळतात. सॅलरी कॅपमध्ये, म्हणजे त्या ठरलेल्या रकमेत, संघ बसवायचा तर असे चार-पाच स्वस्त खेळाडू लागतातच.

पहिली चूक, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी: वय बघून नाव खोडणं. "इतकी वर्षं कुणी घेतला नाही, म्हणजे काहीतरी खोट असणार," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ते ऐकलं की मी आधी विचारतो, तू त्याला खेळताना पाहिलंयस का? उत्तर ठरलेलं असतं.

फँटसीच्या दृष्टीने तर वय हाच या खेळाडूंचा मोठा फायदा. अठरा वर्षांचा पोरगा कितीही गुणी असला तरी त्याचं शरीर अजून भरायचं असतं. चौथ्या क्वार्टरमध्ये तो दमतो, कोच त्याला सांभाळून वापरतो, पाच सामने झाले की विश्रांती देतो. चोवीस वर्षांचा गडी पुरुषांच्या लीगमध्ये धक्के खाऊन आलेला असतो. क्लब त्याला पाच वर्षांनी तयार होईल म्हणून घेत नाही, याच हंगामात रिकामी जागा भरायला घेतो. टॉम स्ट्युअर्ट जिलॉंगकडून २०१७ मध्ये पहिला सामना खेळला तेव्हा चोवीस वर्षांचा होता. त्याआधी तो साउथ बारवनसारख्या स्थानिक क्लबमधून खेळत आलेला. पुढे तो लीगमधल्या उत्तम बचावपटूंमध्ये गणला गेला. फ्रीमँटलचा ल्यूक रायन व्हीएफएलच्या कोबर्गमधून आला, ड्राफ्टमध्ये ६६ व्या क्रमांकावर.

याच चुकीचं एक धाकटं भावंड आहे. नवे लोक रुकी शोधायला रायझिंग स्टार पुरस्काराच्या नामांकनांची यादी उघडतात. पण त्या पुरस्कारासाठी १ जानेवारीला वय एकवीसच्या आत लागतं. त्यामुळे आपण ज्याच्या शोधात आहोत तो त्या यादीत सापडणारच नाही. २०१० मध्ये रायझिंग स्टार झाला डॅन हॅनबरी. २०१८ मध्ये झाला जेडन स्टीफन्सन. त्याच दोन वर्षी खेळाडूंच्या संघटनेने पहिल्या वर्षातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवडले ते मायकल बार्लो आणि टिम केली. दोघंही वयामुळे रायझिंग स्टारच्या बाहेर, आणि फँटसीत दोघांनीही लोकांचे हंगाम तारले.

आता बार्लोचीच गोष्ट सांगतो, कारण दुसरी मोठी चूक तिच्यातच आहे.

मायकल बार्लो आला वेरिबीमधून. वेरिबी म्हणजे आमच्या टार्नीट-पॉइंट कुकच्या शेजारचं गाव. आज या पट्ट्यात मराठी घरं भरपूर आहेत, आणि तिथल्या चर्नसाइड पार्कवर व्हीएफएलचे सामने होतात. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, तसंच झालं. शेजारच्या मैदानावर खेळणाऱ्या या मुलाचं नाव आमच्या लीगमध्ये कुणाच्या तोंडी नव्हतं. फ्रीमँटलने त्याला रुकी ड्राफ्टमधून घेतलं, आणि २०१० च्या पहिल्या राउंडमध्ये ॲडलेडविरुद्ध पदार्पणातच त्याने ३३ डिस्पोजल घेतले. तेव्हा तो बावीस वर्षांचा होता.

आमच्या लीगमधल्या एका पुणेकर मित्राला मी त्याच आठवड्यात म्हटलं, "घेऊन टाक." तो म्हणाला, "अजून एक मॅच बघू." दुसरी मॅच चांगली गेली. "एवढ्यात काय घाई आहे, भाव कुठे पळून चाललाय?" आणि भाव नेमका पळाला. सुपरकोचमध्ये नव्या खेळाडूचा भाव तिसऱ्या सामन्यानंतर पहिल्यांदा हलतो. सुरुवातीचा भाव गेममध्ये अगदी कमी अपेक्षेवर धरलेला असतो. मग प्रत्यक्षातले तीन मोठे स्कोअर सरासरीत शिरले की भाव एकदम उसळतो आणि पुढचे कित्येक आठवडे चढतच राहतो. पहिल्या दोन सामन्यांनंतरचा आठवडा हीच खरी वेळ असते: पाहायला पुरेसं हाताशी असतं आणि भाव अजून तळाला असतो.

मित्र भाव उतरायची वाट बघत राहिला. तो उतरला नाही. शेवटी हंगामाच्या मध्यावर, बार्लोचं नाव ब्राऊनलो पदकाच्या, म्हणजे हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या पदकाच्या, चर्चेत आल्यावर, त्याने आपला एक भरवशाचा मिडफिल्डर विकून बार्लोला चढ्या भावात घेतलं. वरातीमागून घोडं. चौदाव्या राउंडमध्ये सुबियाको ओव्हलवर पोर्ट ॲडलेडविरुद्ध बार्लोची स्वतःच्याच संघातल्या खेळाडूशी टक्कर झाली आणि पायाची दोन्ही हाडं मोडली. हंगाम तिथेच संपला.

दुखापत कुणाच्या हातात नसते, तिचा दोष मी मित्राला देत नाही. पण हिशेब नीट बघा. त्या दुखापतीचा फटका बार्लो संघात असलेल्या प्रत्येकाला बसला, नुकसान मात्र सगळ्यांचं सारखं झालं नाही. ज्यांनी त्याला तळाच्या भावात घेतलं होतं त्यांनी त्या चढ्या भावालाच विकून दुसरा मोठा खेळाडू आणला. शिवाय तीन महिन्यांचे गुण त्यांच्या खात्यात आधीच जमा होते. मित्राच्या हाती दोन-तीन सामन्यांचे गुण, एक वाया गेलेला ट्रेड, आणि विकलेला मिडफिल्डर परत आणायला आणखी एक ट्रेड. वाट बघण्यात सावधपणा आहे असं नवशिक्यांना वाटतं. स्वस्त खेळाडूच्या बाबतीत वाट बघणं हाच महागडा जुगार असतो.

याचा अर्थ प्रत्येक चमकदार पदार्पणामागे धावायचं असं नाही. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग बांधून निघतो तसे काही जण स्कोअर बघून लगेच ट्रेडचं बटण दाबतात. तिसरी चूक तीच: नुसता आकडा बघणं, तो कशातून आला ते न बघणं.

एएफएल फँटसीत किकला ३, हँडबॉलला २, मार्कला ३, टॅकलला ४, गोलला ६ आणि बिहाइंडला १ गुण मिळतो. मार्क म्हणजे किक हवेतच झेलणं, टॅकल म्हणजे चेंडूवाल्याला पकडून रोखणं, आणि बिहाइंड म्हणजे थोडक्यात हुकलेला गोल. समजा एकाने १२ किक, १२ हँडबॉल, ४ मार्क आणि ५ टॅकल केले. झाले ९२. दुसऱ्याने १० किक, ४ हँडबॉल, ६ मार्क, १ टॅकल, ५ गोल आणि २ बिहाइंड केले. त्याचेही ९२. आता पुढच्या सामन्यात दुसऱ्याला एकच गोल मिळाला, तर चार गोल गेले आणि त्या चार किकही गेल्या. तब्बल ३६ गुण कमी, उरले ५६. पहिल्याचा आकडा इतक्या सहज कोसळत नाही, कारण तो चेंडूजवळ राहून, धावून मिळवलेला आहे.

म्हणूनच २०२२ मध्ये एसेंडनच्या निक मार्टिनने पदार्पणात ५ गोल केले तेव्हा मी गोलांपेक्षा त्याचे २७ डिस्पोजल बघितले. त्यालाही ड्राफ्टमध्ये कुणी घेतलं नव्हतं. मोसमापूर्वी रिकाम्या जागा भरतात त्या वाटेने तो आला होता. आणि २०२१ मध्ये हॉथॉर्नच्या जय न्यूकमने पदार्पणात १४ टॅकल केले. नुसत्या टॅकलचे ५६ गुण! तो तेव्हा एकोणीसचाच होता, म्हणजे वयाने मोठा म्हणता येणार नाही, पण दुर्लक्षित नक्कीच. टॅकलची भूक एका दिवसापुरती नसते. असा खेळाडू दिसला की मी फार विचार करत नाही.

माझी स्वतःची सवय सांगतो. पदार्पणाचा सामना मी पूर्ण परत बघतो, आणि फोन बाजूला ठेवून फक्त मैदानाच्या मध्यातून खेळ सुरू होतो ते क्षण बघतो. प्रत्येक क्वार्टरच्या सुरुवातीला आणि प्रत्येक गोलनंतर मधल्या चौकोनात प्रत्येक संघाचे चारच खेळाडू उभे असतात. नवखा त्या चौघांत किती वेळा आहे? पहिल्या क्वार्टरमध्ये होता आणि चौथ्यात, सामना अटीतटीचा असतानाही होता, तर कोचचा त्याच्यावर विश्वास आहे. सामना हातातून गेल्यावरच त्याला आत आणलं असेल तर त्या गुणांना मी अर्धीच किंमत देतो. मग आणखी एक गोष्ट बघतो: तो कुणाच्या जागी खेळतोय? एखादा मोठा मिडफिल्डर तीन आठवड्यांच्या दुखापतीवर असेल, तर या रुकीची जागाही तीन आठवड्यांचीच समजा. हे सगळं कुठल्याही ॲपच्या 'सुचवलेले ट्रेड'मध्ये दिसत नाही. ज्याला सामना बघायचाच नाही आणि फक्त "नाव सांग, घेतो" म्हणायचंय, त्याला मी आता नाव सांगत नाही.

किरकोळ चुका झटपट:

पदार्पण गाजलं म्हणून पुढच्याच आठवड्यात त्याला कॅप्टन करू नका. कॅप्टनचे गुण दुप्पट होतात, ती जागा सिद्ध झालेल्या खेळाडूची.

गुरुवारी संध्याकाळी संघ जाहीर होण्याआधी ट्रेड करू नका. सोमवारी ट्रेड करणाऱ्यांना काय घाई असते ते मला कळत नाही.

एकाच क्लबचे तीन-तीन रुकी घेऊ नका. ते एकमेकांच्याच जागेसाठी भांडत असतात.

बायचे राउंड, म्हणजे ज्या आठवड्यात एखाद्या क्लबला सामनाच नसतो ते, कॅलेंडरवर लिहून ठेवा.

आता विकण्याबद्दल, कारण बरेच जण तिथे हातातलं घालवतात. रुकीचा भाव चढला की तो विकून मोठा खेळाडू आणायचा, हा साधारण नियम बरोबर आहे. पण हा नियम अठरा वर्षांच्या मुलांवरून बनलाय, कारण ती मुलं मे-जूनपर्यंत थकतात. टिम केली २०१७ च्या ड्राफ्टमध्ये २४ व्या क्रमांकावर जिलॉंगला गेला तेव्हा तो साउथ फ्रीमँटलकडून खेळून आलेला तेवीस वर्षांचा तयार गडी होता. "रुकी आहे, विकायचाच असतो" म्हणून त्याला मध्येच विकणारे मी पाहिलेत. असा खेळाडू विकण्याआधी एकच प्रश्न विचारा: याला काढून जो आणतोय तो याच्यापेक्षा आठवड्याला पंधरा-वीस गुण जास्त देणार आहे का? नसेल तर त्याला हात लावू नका. ट्रेड वाचला, तो दुसऱ्या जागेला वापरा.

मार्लियन पिकेटचं नाव निघाल्याशिवाय हा विषय पुढे सरकत नाही, म्हणून तेही. २०१९ च्या ग्रँड फायनलमध्ये रिचमंडकडून तो थेट पदार्पणालाच उतरला, सत्ताविसाव्या वर्षी. २२ डिस्पोजल आणि एक गोल. ग्रँड फायनलमध्ये पहिला सामना खेळणारा १९५२ नंतरचा तो पहिलाच खेळाडू. तो दिवस आठवला की आजही माझ्या अंगावर काटा येतो. पण फँटसीचा हंगाम फायनल्स सुरू होण्याआधीच संपतो, त्यामुळे त्या गुणांचा कुणालाच उपयोग नव्हता. ग्रँड फायनलची आठवण धरून पुढच्या मार्चला संघ बांधू नका, भूमिका नव्याने तपासा.

पिकेटवरून लक्षात ठेवायची गोष्ट दुसरीच आहे. तो त्याच वर्षीच्या मिड-सीझन ड्राफ्टमधून आला होता, १३ व्या क्रमांकावर. हा ड्राफ्ट २०१९ पासून परत सुरू झाला, आणि न्यूकमही दोन वर्षांनी त्याच दारातून आला. बहुतेक लोक एप्रिलनंतर रुकी शोधणं सोडून देतात, हातातले पैसे संपवून बसतात. मी मे महिन्यात बेंचवरचा एक बिनकामाचा खेळाडू आणि थोडी रक्कम मुद्दाम तशीच ठेवतो. ड्राफ्ट झाला की त्यातली वीस वर्षांवरची नावं वेगळी काढतो, कुठल्या क्लबला त्या जागेची गरज आहे ते बघतो, आणि त्यातल्या दोघा-तिघांचे व्हीएफएल किंवा डब्ल्यूएएफएलचे सामने शोधून बघतो. त्यातला एखादा जूनमध्ये पहिला सामना खेळला की ग्रुपवर "हा कोण?" यायच्या आत तो माझ्या बेंचवर असतो.